हुकलेली खरेदी आणि घासलेली बंदूक

जुन्या वस्तू जमवणारे चार जण एकत्र बसले की मिळालेल्या वस्तूंपेक्षा हुकलेल्या वस्तूंच्याच गोष्टी जास्त रंगतात. "पन्नास रुपयांसाठी सोडली हो!" ही हळहळ प्रत्येकाच्या पदरी असतेच. माझ्याही आहे.

आमच्या वडीगोद्रीला जालन्याकडून येणारा रस्ता धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. तिथे एका भंगाराच्या ढिगात मला तोड्याच्या बंदुकीची लांब नळी दिसली. भाव जुळला नाही. चार दिवसांनी पैसे घेऊन गेलो, तोवर नळीचे दोन तुकडे झाले होते. एकाची पहार होणार होती.

तोड्याची बंदूक म्हणजे काय? नळीत दारू आणि गोळी ठासायची. चाप ओढला की जळती वात, म्हणजे तोडा, कडेच्या खळग्यातल्या बारीक दारूवर टेकायचा. तिला रंजक म्हणत. रंजक पेटून ठिणगी छोट्या भोकातून आत जाई आणि बार उडे. एकोणिसाव्या शतकात स्फोटक टोपी आली. तेव्हा अनेकांनी जुन्या नळीला नवा घोडा बसवून तोड्याची बंदूक टोपीची करून घेतली.

हा बदल म्हणजे नुकसान नव्हे, तो त्या बंदुकीचा इतिहासच आहे. १८९५ मध्ये आलेल्या ली-एनफिल्ड रायफलीचेही तसेच. दोन्ही महायुद्धांत आपले जवान ही .३०३ रायफल घेऊन लढले. पुढे इशापूरच्या कारखान्यात यातल्या काहींची नळी आतून मोठी व गुळगुळीत करून, मॅगझिनची जागा लाकडाने बुजवून, पोलीस व पहारेकऱ्यांसाठी एकबारी .४१० मस्केट बनवल्या गेल्या. असा नग संग्राहक आवर्जून शोधतात.

परदेशात मात्र युद्धानंतर स्वस्तात विकलेल्या लष्करी रायफली लोकांनी शिकारीसाठी हलक्या केल्या. पुढचे लाकूड कापले, नळी आखूड केली, शिक्के घासले. आज अस्सल, न कापलेल्या रायफलीला मोल आहे आणि कापणाऱ्यांची मुले ते लाकडी तुकडे शोधत फिरतात.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. एका माळवदाच्या घरात तुळईला टांगलेली बंदूक मला मिळाली. नळी तडकलेली, भोक बुजलेले. गंज पाहून मी उत्साहाने पॉलिश पेपर घेतला. दोन तासांत नळी चकचकीत झाली आणि गंजाखालची कोफ्तगरी, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेली चांदीची नक्षी, भुकटी होऊन वर्तमानपत्रावर पडली. शेवटी दोन-तीन अक्षरे दिसली, तीही अर्धवट. बनवणाऱ्याचे नाव होते की मालकाचे, ते आता कधीच कळणार नाही.

म्हणून चार गोष्टी सांगतो. घरात जुनी बंदूक सापडली तर आधी ती भरलेली आहे असेच समजा. ठासलेली दारू वर्षानुवर्षे आत राहू शकते. स्वतः काही न करता पोलीस ठाण्यात कळवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून जुनाट वा पुराणवस्तू ठरणारे शस्त्र वगळले आहे, पण दुरुस्ती करूनही ते चालणार नसेल तरच. ते आपण ठरवायचे नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. आणि ती निर्धोक ठरल्यावरही चिंच, लिंबू, पॉलिश पेपर काहीही लावू नका. मऊ कापडाने धूळ पुसा, कोरड्या जागी ठेवा आणि ती कुणाकडून, कशी आली ते वहीत लिहा.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाला दिला. त्यात दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. वापराच्या खुणांसह जपल्या, म्हणूनच त्या आज आपल्याशी बोलतात.

हुकलेली नळी मला अधूनमधून आठवते. घासलेली बंदूक मात्र रोज समोर असते. पहिली दुसऱ्याच्या हातून गेली, ही माझ्याच हातून गेली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)