कट्टी, अबोला आणि मुलींचे सख्य

कोल्हापुरात हस्त नक्षत्रात हादग्याचा फेर धरला जातो. दहाबारा वर्षांच्या मुलीस त्या फेरात न बोलावणे ही मोठीच शिक्षा असते. क्रिक व ग्रोटपीटर यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात वगळणे व अबोला धरणे यांस संबंधाधिष्ठित आक्रमण म्हटले असून, ते मुलग्यांपेक्षा मुलींत अधिक आढळले. त्यामानाने ‘कट्टी’ सौम्य होय. ती तोंडावर जाहीर होते, म्हणून ‘बट्टी’ही होऊ शकते. मूक अबोल्याचे कारणच कळत नाही. मग समेट कशाचा करावयाचा? अतएव शिक्षिकेने स्वतः निवाडा न देता, आपणांस कशाचे वाईट वाटले हे मैत्रिणीपाशीच स्पष्ट सांगावयास मुलीस शिकवावे आणि दुसरीस ते ऐकून घ्यावयास.