वंगणतेलातील पाणी वेळीच कसे ओळखावे?

उज्जैन शहर पोह्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील पोहे गिरण्यांत भात भिजवून, भाजून मग चपटा केला जातो. वाफ व ओलावा यांचा असा सततचा संबंध असलेल्या कारखान्यांत गिअर बॉक्समधील वंगणतेलात पाणी शिरण्याचा धोका अधिक असतो. पाण्यामुळे तेलाचा संरक्षक थर तुटतो, बेअरिंग गंजतात आणि दाते अकाली झिजतात.

तेलातील पाणी तीन अवस्थांत आढळते: विरघळलेले, धुक्यासारखे मिसळलेले व तळाशी साचलेले. पहिल्या अवस्थेत तेल नितळच दिसते. शिवाय तापलेले तेल अधिक पाणी विरघळवून घेते. त्यामुळे चालू यंत्रात स्वच्छ भासणारे तेल यंत्र थांबून निवल्यावर गढूळ होऊ शकते. यास्तव यंत्र चालू असताना किंवा थांबताच नमुना घ्यावा व तो काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून पाहावा. हवेच्या बुडबुड्यांमुळे आलेला गढूळपणा थोड्या वेळात निवळतो. पाण्यामुळे आलेला सहसा टिकून राहतो, अथवा तळाशी पाणी साचते.

दुसरी सोपी परीक्षा तडतडीची होय. सुमारे १५० ते १६० अंश सेल्सिअस तापविलेल्या विजेच्या तव्यावर तेलाचे एक-दोन थेंब टाकावेत. तेल तडतडले वा बुडबुडे आले, तर त्यात पाणी असण्याचा संभव असतो. मात्र ही परीक्षा साधारणपणे ०.०५ ते ०.१ टक्क्यापेक्षा कमी पाणी दाखवीत नाही. २१० लिटरच्या पिंपात ०.१ टक्का म्हणजे पेलाभर पाणी होय. परीक्षा करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा व जवळपास ज्योत नसावी.

याहून सूक्ष्म प्रमाणासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फिशर यांनी १९३५ मध्ये मांडलेली पद्धत प्रयोगशाळांत वापरली जाते. आयोडीन व सल्फर डायऑक्साइड यांची पाण्याशी होणारी अभिक्रिया मोजून दशलक्ष भागांतील काही भाग पाणीही तीत कळते. गिअर तेलातील गंधकयुक्त पूरके या मापनात बाधा आणीत असल्याने नमुन्यासोबत तेलाचा प्रकार अवश्य कळवावा.

पाणी आढळल्यास केवळ तेल बदलून भागत नाही. ऑइल सील, हवेचे छिद्र व साठवण तपासावी. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. रात्री पिंप निवले की आतील हवा आकुंचन पावते आणि सैल बुचातून ते पाणी आत ओढले जाते. पिंपे छपराखाली, आडवी व दोन्ही बुचे तेलाच्या पातळीखाली येतील अशी ठेवल्यास ही हानी टळते.