जुन्या जीपच्या रेडिएटरचें झांकण किती पौंडांचें असावें?

अनेक बागाईतदारांच्या पडवींत आजही एखादी जुनी जीप उभी असते. स्वातंत्र्यानंतर मुंबईस महिंद्र आणि महिंद्र कंपनी विलीस जीप जोडूं लागली, तेव्हांपासून या गाडीचा व शेताच्या वाटेचा जडलेला संबंध अद्याप पुरता तुटलेला नाहीं. अशा गाडीचें इंजिन तापूं लागलें, कीं मिस्त्री पुष्कळदां प्रथम रेडिएटरचें झांकण बदलावयास सांगतो, आणि दुकानदार तोंडावर बसेल तें झांकण देऊन मोकळा होतो. झांकण स्वस्त, पण रेडिएटर महाग. म्हणून या लहानशा वस्तूचा विचार थोडा विस्तारानें करणें अवश्य आहे.

उघड्या भांड्यांतील पाणी समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सिअसला उकळतें. भांडें बंद करून आंत दाब वाढूं दिला, तर तेंच पाणी अधिक तापूनही उकळत नाहीं. दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला, म्हणजे उकळण्याची मर्यादा साधारण दीड ते दोन अंशांनीं वर सरकते. चार पौंडांच्या झांकणाखालीं पाणी सुमारें १०७ अंशांस, तर सात पौंडांच्या झांकणाखालीं सुमारें १११ अंशांस उकळतें. महाबळेश्वराची उंची सुमारें साडेचार हजार फूट. तेथें उघडें पाणी ९५-९६ अंशांसच उकळूं लागतें, पण चार पौंडांचें झांकण त्यास १०३ अंशांपर्यंत सांवरून धरतें. घाट चढतांना दुसऱ्या गिअरमध्यें इंजिन कष्टत असतां ही सवड फार उपयोगी पडते.

हा दाब राखण्याचें काम झांकणाच्या आंतील स्प्रिंग करते. ठरलेल्या दाबापर्यंत ती रबरी चकती दाबून धरते. दाब त्यापलीकडे गेला, कीं चकती उचलली जाऊन वाफ व पाणी बाजूच्या बारीक नळीनें बाहेर पडतें. चकतीच्या मध्यभागीं दुसरी एक लहान झडप असते. इंजिन थंड झालें, म्हणजे पाणी आकुंचन पावतें, आणि त्या वेळीं ही झडप बाहेरची हवा आंत घेते. ती गंजून चिकटली, तर सकाळीं रेडिएटरची रबरी नळी चपटी झालेली दिसते.

दाबानें पाणी उकळत नाहीं हें ऐकून कित्येकांस वाटतें, कीं जितका दाब अधिक तितकें बरें. हा समज घातक आहे. झांकण इंजिनास थंड करीत नाहीं. तें केवळ पाणी उकळूं देत नाहीं. जुन्या रेडिएटरच्या तांब्यापितळेच्या टांक्या व नळ्या डाख देऊन जोडलेल्या असतात, आणि त्या ठराविक दाबापुरत्याच केलेल्या असतात. समजा, वरच्या टांकीचा माथा अठरा इंच लांब व चार इंच रुंद, म्हणजे ७२ चौरस इंचांचा आहे. चार पौंडांच्या झांकणाखालीं त्यावर आंतून २८८ पौंडांचा जोर येतो. तेरा पौंडांचें झांकण बसवितांच तोच जोर ९३६ पौंड होतो. मग जुना डाख सुटतो, किंवा रबरी नळी भर रस्त्यांत फुटते.

तेरा पौंडांचें झांकण जाणून कोण बसवील, असें कोणी विचारील. परंतु जाणून बसवावें लागत नाहीं, हीच यांतील मेख आहे. जुन्या झांकणावर ४ किंवा ७ असा आंकडा असे, तो पौंडांचा. हल्लींच्या पुष्कळ झांकणांवर ०.९ किंवा १.१ असें छापलेलें असतें. तो आंकडा दर चौरस सेंटिमीटरास किलोग्रॅमचा, अथवा जवळजवळ तितक्याच मोठ्या 'बार' या मापाचा असतो. ०.९ म्हणजे एका पौंडाहून कमी नव्हे, तर जवळजवळ तेरा पौंड! चार पौंडांच्या जागीं ०.३ आणि सात पौंडांच्या जागीं ०.५ हा आंकडा शोधावा.

आंकड्याइतकेंच महत्त्व झांकणाच्या खोलीस आहे. जुन्या गाड्यांच्या तोंडाची खोली कधीं पाऊण इंच, कधीं एक इंच असते. खोल तोंडावर आंखूड झांकण बसलेलें दिसतें खरें, पण चकती आंतील कडेस टेकतच नाहीं, आणि दाब मुळींच राहत नाहीं. जुनें झांकण बरोबर नेऊन चकती किती खालीं उतरते तें मोजूनच नवें घ्यावें.

उत्तम नियम हा, कीं कारखान्यानें नेमून दिलेला दाब घ्यावा. युद्धकाळांतील जीपचें झांकण चार पौंडांच्या आसपासचें असे; पुढील काळांतील कांहीं गाड्यांस सात पौंड लागतात. पुस्तक नसेल आणि रेडिएटर मूळचाच असेल, तर चार पौंडांपासून आरंभ करावा. पुष्कळ जीपांत मागाहून डिझेल इंजिन बसविलें गेलें आहे. तेथें नव्या इंजिनाचा आंकडा पाहून जुन्या रेडिएटरवर भारी झांकण चढवूं नये, कारण दाब सर्वांत दुबळ्या भागास सोसला पाहिजे. फोर्डच्या 'मॉडेल ए'सारख्या गाड्यांत तर दाबाची योजनाच नाहीं. वरच्या टांकींतून निघालेली नळी सदा उघडी असते, तेव्हां झांकण कोणतेंही असो, फरक पडत नाहीं.

योग्य झांकण असूनही पाणी उकळत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. पंख्याचा पट्टा सैल आहे काय, जाळींत भुसा व किडे अडकले आहेत काय, विहिरीच्या जड पाण्याचा क्षार आंत साठला आहे काय, हें पाहावें. रेडिएटरवर दाबाचा हातपंप लावून झांकण व सांधे दोन्हीं तपासून देणारे कारागीर शहरांत मिळतात. पंपाचा कांटाही झांकणाच्या आंकड्यापलीकडे नेऊं देऊं नये. या गाड्यांस निराळी डबी नसल्यास टांकी कांठोकांठ भरूं नये. पाणी फुगण्यास इंचभर जागा ठेवावी. इंजिन तापलें असतां झांकणास हात लावूं नये. दाब सुटतांच १०० अंशांवरील पाणी क्षणांत उसळतें, आणि तोंडहात भाजतात. अर्धा तास थांबून, जाड ओलें फडकें घेऊन, झांकण प्रथम पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच तें काढावें.