यंत्राची हुशारी आणि प्रवाशाची जागा

आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव एके काळी रेल्वेच्या नकाशावर होते. पुलगाव ते आर्वी हा सुमारे पस्तीस किलोमीटरचा अरुंदमापी लोहमार्ग १९१७ मध्ये सुरू झाला आणि त्यावर रोहण्याचे स्थानक होते. आज त्या मार्गावरून गाडी धावत नाही. मुंबईस किंवा हावड्याकडे जाणाऱ्या रोहणेकराला आधी एस.टी.ने पुलगाव गाठावे लागते. प्रवास ठरविण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करणार, असे मोठ्या उत्साहाने सांगितले जात असताना, या गावातून त्या दाव्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

दाव्यात तथ्य नाही असे नव्हे. रेल्वेच्या तिकीट महामंडळाने २०१८ मध्ये 'आस्क दिशा' हा संवादी साहाय्यक आधी इंग्रजीत व नंतर हिंदीत सुरू केला. पुढे त्यावर बोलून तिकीट काढण्याचीही सोय झाली. कोणती गाडी, कोठे मुक्काम, किती खर्च, याचा आराखडा अशी यंत्रे क्षणार्धात मांडतात. पूर्वी त्यासाठी वेळापत्रकाचे पुस्तक चाळावे लागे किंवा जाणत्या माणसाचे घर गाठावे लागे. हा लाभ खराच आहे.

परंतु अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की हिशेब जलद झाल्याने पुरवठा वाढत नाही. गाडीत शायिका जितक्या आहेत तितक्याच राहतात. बदलते ते एवढेच, की त्या कोणाच्या वाट्याला जाव्यात. तात्काळ तिकिटांचा अनुभव याची साक्ष देतो. खिडकी उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत होणाऱ्या प्रवेशाच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न स्वयंचलित आज्ञावलींचे असतात, असे रेल्वेनेच २०२५ मध्ये जाहीर केले. त्याच वेळी अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करण्यात आली व १ जुलैपासून तात्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली. यंत्राला आवरण्यासाठी यंत्रच नेमावे लागले. या झटापटीत स्वतःच्या बोटांनी नाव टंकणारा सामान्य प्रवासी मात्र मागेच राहत होता.

दुसरा प्रश्न किमतीचा. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांत दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढविण्याची पद्धत आली. तिला दीडपटीची मर्यादा होती. हे सूत्र निदान सर्वांना ठाऊक होते. विमान कंपन्यांच्या संगणकी भाड्यांबाबत तेवढेही प्रवाशाला कळत नाही. ज्याला दोन महिने आधी प्रवास ठरविता येतो त्याचा फायदा होतो; आजारपण, परीक्षा वा नोकरीच्या मुलाखतीसाठी अचानक निघणाऱ्याला अधिक मोजावे लागते.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. एअर कॅनडाच्या संवादी यंत्राने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. ती चूक कंपनीचीच आहे, असा निर्णय कॅनडातील एका न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. खिडकीमागील कारकुनाच्या चुकीचा जाब विचारता येतो, तसाच यंत्राच्या चुकीचाही विचारता आला पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडेही नि:संदिग्धपणे स्वीकारले जावे.

आणि शेवटी रोहणा. यंत्र शिकते ते नोंदींवरून. जो प्रवासी आडगावच्या फाट्यावर उभा राहून बसची वाट पाहतो, त्याची कोठेही आगाऊ नोंद नसते. म्हणून यंत्राच्या लेखी त्याची मागणीच अस्तित्वात नसते. मुंबई ते पुलगाव हा प्रवास ते अचूक आखून देईल, पण रात्री पुलगावला उतरल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्याला देता येणार नाही. यावर उपाय आहेत व ते फारसे खर्चाचे नाहीत. खेड्यांतील एस.टी. फेऱ्यांची अद्ययावत माहिती खुली करावी, स्थानकांवरील आरक्षण खिडक्या चालू ठेवाव्यात, मराठीतून व्यवहाराची सोय असावी आणि भाडे कसे ठरते ते प्रवाशाला सांगावे. गाड्या व बसेस वाढविण्याचे कर्तव्य मात्र कोणत्याही बुद्धिमान यंत्राच्या गळ्यात घालता येणार नाही. ते शासनाचेच आहे.