दादरमधली मुलं नसलेली घरं

दादरमध्ये मुलं नसलेली घरं दोन तऱ्हांची आहेत. एका तऱ्हेत मुलं झाली, वाढली आणि लग्नानंतर बाहेर पडली. मागे आईवडील किंवा दोघांपैकी एकच उरलं. दुसरीत नोकरदार जोडपी आहेत, ज्यांना मूल नको आहे, इतक्यात नको आहे किंवा होत नाही. जुन्या इमारतींत पहिली तऱ्हा ठळक दिसते, आणि तिचं मूळ स्वभावात कमी, जागेत जास्त आहे.

दादर वसवलं गेलं ते उपनगर म्हणून. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दक्षिणेकडची दाटी कमी करण्यासाठी ट्रस्टने दादर-माटुंग्यात रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यातल्याच. १९२५ मध्ये शिवाजी पार्क खुलं झालं. किंग जॉर्ज (आताचं राजा शिवाजी विद्यालय), बालमोहन अशा शाळा उभ्या राहिल्या. कुटुंबं येतील, मुलं मैदानावर खेळतील, हे इथे गृहीतच होतं.

पुढे भाडं थिजलं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं आधार मानलं. भाडेकरूंना मोठं संरक्षण मिळालं, पण घरमालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. दोन खोल्यांत दोन भावांचे संसार मावत नाहीत. मग धाकटा डोंबिवलीला किंवा ठाण्याला ब्लॉक घेतो, आणि काही वर्षांनी थोरलाही निघतो. आकडे हेच सांगतात: २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली, त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

तरीही बाहेर गेलेल्या मुलाचं नाव दादरच्या रेशनकार्डावर राहतं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर भाडेहक्कासाठी पहिला विचार त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा होतो. तसं कुणी नसेल तर वारसांचा. त्यामुळे कागदावर पाच माणसं आणि ओट्यावर दोघांपुरता छोटा कुकर, अशी घरं पुष्कळ. पुनर्विकासाच्या आशेने हक्क जपला जातो, आणि ती आशा फळायला वर्षं लागतात. इमारत रिकामी झाली की शाळकरी मुलांची कुटुंबं जिथे तात्पुरती जातात तिथेच रुजतात. नव्या टॉवरमधल्या जागांचे भाव मात्र तरुण पगारदाराच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून परतीची वाट अरुंद होते.

जननदराची घसरण यात भर घालते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता, म्हणजे पिढी टिकण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा बराच कमी. पारशी समाजात ही घट फार पुढे गेली आहे: देशातली त्यांची संख्या २००१ मध्ये ६९,६०१ होती, २०११ मध्ये ५७,२६४ उरली. २०१३ साली केंद्राने ‘जियो पारसी’ योजना आणली ती याच काळजीतून. तिच्यात वंध्यत्वावरच्या उपचारांना अर्थसाहाय्य आहे. पारशी कॉलनीतल्या प्रशस्त घरांना जागेची अडचण लागू पडत नाही. तिथे उशिरा होणारी लग्नं आणि अविवाहित राहणाऱ्यांचं मोठं प्रमाण ही कारणं महत्त्वाची.

जनगणनेची पद्धत एक गोष्ट झाकते. तिच्या लेखी कुटुंब म्हणजे एरवी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं. शाळा सुटल्यावर आजीकडे येणारा, वरणभात खाऊन गृहपाठ करणारा आणि रात्री आईबरोबर मुलुंडला परतणारा नातू या मोजणीत दादरचा ठरत नाही. दिवसा मूल असलेली आणि रात्री नसलेली ही घरं ध्यानात घेतली, तरच आजी-आजोबांवरचा भार खरा कळतो. मराठी शाळांच्या ओसरत्या पटाचं खापर सगळं इंग्रजी माध्यमावर फोडणंही अपुरं आहे. त्या परिसरात राहणारी मुलंच कमी झाली आहेत.

एकट्या वृद्धांची रोजची अडचण साधी पण जाचक असते: लिफ्ट नसलेला तिसरा मजला, औषधं आणणारं कुणी नाही, रात्री पडल्यास दार कोण उघडणार. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवणं हा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय. ज्येष्ठ नागरिक संघ सोबत देतात, सल्ल्यासाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण कायदा पैसे मिळवून देतो, जिना चढून येणारं माणूस नाही. ते माणूस आता बहुतेक घरांत पगारी मदतनीस बाई असते, आणि तीही लोकलने दुरून येते.