सहावीच्या वर्गाला शिक्षक हवा

वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट पाचवीपर्यंत कसाबसा टिकतो. तो मोडतो सहावीला. इंग्रजी माध्यमाची पिवळी बस आणि शहराकडे गेलेली कुटुंबे ही कारणे खरीच आहेत. पण शाळेच्या रचनेतले कारण क्वचितच चर्चेत येते.

आपल्याकडे जुनी घडी सातवीपर्यंत प्राथमिक आणि पुढे हायस्कूल अशी होती. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवी हा एक टप्पा ठरवला, तरी अनेक गावांत आठवी हायस्कुलातच राहिली. म्हणजे जिल्हा परिषदेकडे उरल्या सहावी आणि सातवी. दोन्ही वर्गांत नऊ-नऊ मुले असली, तर पट अठरा. 15 मार्च 2024च्या शासन निर्णयातील संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, निकषांप्रमाणे सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असेल, तर त्या गटाला शिक्षकाचे एकही पद मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मात्र याच टप्प्यासाठी प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक आणि गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना स्वतंत्र शिक्षक सांगितले आहेत. एकाच राज्यातल्या एकाच मुलीला कायदा तीन शिक्षक देऊ करतो आणि शासन निर्णय शून्य, हे मला मान्य होत नाही.

मग पाचवीपर्यंतचे गुरुजीच सातवीचे बीजगणितही शिकवतात, आणि माहिती भरण्याचे कामही त्यांच्याकडेच असते. अशा शाळेची गुणवत्ता टक्केवारीत मोजणेही फसवे ठरते. नऊ मुलांच्या वर्गातले एक मूल ऊसतोडीला गेले की निकाल अकरा टक्क्यांनी हलतो. 'असर'च्या 2024च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना भागाकार जमला. हा प्रश्न केवळ लहान शाळांचा नाही, हे त्यावरून दिसते.

2023मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दिली गेली. एकत्र शाळेत विषयाचे शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळू शकते, हे मी मान्य करतो. पण डोंगरी भागात तीन किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात ओढा आणि घाट. एसटी चुकली की आधी थांबते ती मुलीची शाळा. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठी धावतात, त्याही 125 तालुक्यांपुरत्या.

पट वाढूही शकतो. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. शिक्षक दत्तात्रय वारे आणि ग्रामस्थांनी ती उभी केली, आणि 2025मध्ये जागतिक पातळीवरच्या शालेय पुरस्कारात तिने लोकपसंतीचा मान मिळवला.

शासनाने सहावी-सातवीच्या गटाला पट न पाहता किमान गणित-विज्ञानाचा एक शिक्षक द्यावा. आणि पालकांनो, शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा तुमच्या आहेत. दाखला काढण्याआधी त्या बैठकीला जाऊन हा शिक्षक लेखी मागा.