बी नापास होतं तेव्हा

टोमॅटोची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी हिरवटपणा सोडून फिक्या पिवळ्या रंगाकडे झुकते. काम साधायचं ते तेव्हाच. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातल्या शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जाणाऱ्या बाया चिमट्यानं पाकळ्या बाजूला सारतात आणि आतली परागकोषांची नळी अलगद उपसून काढतात. मधला स्त्रीकेसर मात्र जागेवर राहिला पाहिजे. त्याला धक्का लागला की फळ धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टोकाला नर झाडाचा पराग लावायचा आणि देठाजवळची हिरवी निदलं खूण म्हणून कातरायची. फळ पिकल्यावर कातरलेल्या निदलांचंच फळ बियाण्यासाठी तोडायचं.

यात कळी हेरायला थोडा उशीर झाला, परागकोष आधीच फुटलेला असला, तर त्या फुलात स्वतःचाच पराग पडतो. फळ तसंच धरतं, तसंच लाल होतं, बीही अगदी तसंच दिसतं. पण ते संकरित नसतं. अशा बियाला इथं ‘सेल्फ’ म्हणतात. ते डोळ्यांना ओळखू येत नाही, भिंगाखालीही नाही.

म्हणून जीओटी. ‘ग्रो आउट टेस्ट’ हे पूर्ण नाव फारसं कुणी घेत नाही. बियाण्याचा नमुना पेरून रोपं वाढवायची, गुण दिसू लागले की एकेक झाड तपासून वेगळं निघालेलं मोजायचं. चारशे झाडांत वीस वेगळी निघाली तर शुद्धता 95 टक्के. आपल्याकडच्या किमान बीज प्रमाणीकरण मानकांत संकरित बियाण्याची सर्वसाधारण मर्यादा तीच आहे. टोमॅटो, वांगं, कपाशी यांच्या संकरांना 90 टक्के चालतात. खासगी कंपन्यांची अट सहसा याहून कडक. अटीच्या खाली गेलं की माल नाकारला जातो. मजुरी, खत, औषध, जाळीचं कर्ज सगळं अंगावर येतं आणि गावात एवढंच बोललं जातं, ‘त्याची जीओटी फेल गेली.’

जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तिथं महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे कंपन्या वाढल्या आणि बीजोत्पादन जाफराबाद, टेंभुर्णी, माहोरा करत शेजारच्या बुलढाण्यातल्या देऊळगाव राजापर्यंत पसरलं. पूर्णाकाठच्या या कमी पावसाच्या पट्ट्यात दहा-वीस गुंठ्यांच्या जाळीखाली मिरची, टोमॅटो, काकडीचं बी होतं. सरकारच्या पोकरा योजनेच्या अनुदानानं जाळ्या आणखी वाढल्या. पैसा बरा आहे. पण एक जीओटी फेल गेली की पुढच्या हंगामात जाळी रिकामी ठेवणारे, किंवा तिच्यात साधा भाजीपाला लावून मोकळे होणारे कमी नसतात.

अशा माणसाला ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ ऐकवणं मला क्रूरपणाचं वाटतं. एक तर ते नेहमी खरं नसतं. दुसरं, अपयशातून माणूस आपोआप शिकतो हे गृहीतकच प्रयोगात टिकत नाही.

शिकागो विद्यापीठातल्या लॉरेन एस्क्राइस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांनी 2019 मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध केली. लोकांना प्रश्न दिले, प्रत्येकाला दोनच पर्याय. काहींना त्यांची बरोबर आलेली उत्तरं कळवली, काहींना चुकलेली. पर्याय दोनच असल्यामुळे ‘चूक’ एवढं कळलं तरी बरोबर उत्तर हाती येतं. माहिती दोन्हीकडे सारखीच. तरी नंतरच्या परीक्षेत चुकांवरून शिकणारे मागे पडले. बरोबर उत्तराला पैसे देऊ केले, तरी तेच. ‘चुकलास’ हा शब्द मनाला लागतो आणि माणूस कान बंद करतो, असा संशोधकांचा निष्कर्ष. मात्र चूक दुसऱ्याची म्हणून दाखवली, तेव्हा लोक तिच्यातून व्यवस्थित शिकले. पारावर बसून शेजाऱ्याच्या फेल गेलेल्या प्लॉटची कारणं आपल्याला इतकी स्पष्ट कशी दिसतात, याचा उलगडा इथं होतो.

भीतीचं काम आणखी खोल चालतं. उंदराला एक आवाज ऐकवून लगेच विजेचा सौम्य झटका दिला, की थोड्याच वेळात नुसत्या आवाजानंही तो गोठून उभा राहतो. मेंदूतल्या अमिग्डला या बदामासारख्या दिसणाऱ्या भागात ही जोडणी होते. मग आवाज ऐकवत राहायचं, झटका द्यायचाच नाही. हळूहळू भीती ओसरते. पूर्वी वाटायचं की जुनी आठवण पुसली गेली. तसं नसतं. त्याच उंदराला दुसऱ्या पिंजऱ्यात नेऊन तोच आवाज ऐकवला की भीती परत उभी राहते. जुनी जोडणी जागेवरच असते. ‘इथं काही होत नाही’ हा नवा धडा मेंदूच्या पुढच्या भागाच्या मदतीनं तिला दाबून धरतो, आणि तो धडा जागेला बांधलेला असतो. ग्रेगरी क्वर्क आणि मोहम्मद मिलाद यांनी 2002 मध्ये उंदरांच्या मेंदूत या दाबून धरणाऱ्या पेशींचे संकेत टिपले.

यातून दोन गोष्टी निघतात. काकडीच्या बियात चार वर्षं हात बसलेला शेतकरी ढोबळी मिरचीचं नाव काढताच पुन्हा कचरतो, त्याला भित्रा म्हणायचं कारण नाही. पिंजरा बदलला आहे. आणि जो त्या आवाजाच्या वाटेलाच जात नाही, त्याला नवा धडा मिळायची सोयच उरत नाही. भीती टिकते ती मुख्यतः टाळाटाळीवर.

मग काय, डोळे मिटून पुन्हा वीस गुंठे लावायचे? अजिबात नको. जिथं एका फेल निकालात वर्षाची कमाई जाते, तिथं भीती हा आजार नसून हिशेब आहे. माणूस धीट होण्याची वाट पाहण्यापेक्षा चुकीची किंमत खाली आणणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत आहे. सरकारनं हे एकदा केलंही आहे. 2015 पासून दहावीत नापास झालेल्या मुलांची फेरपरीक्षा जुलैमध्येच घ्यायला सुरुवात झाली. विषय तेच, अभ्यासक्रम तोच. पण नापास होण्याची किंमत वर्षावरून काही आठवड्यांवर आली.

शेडनेटमध्ये याचं रूप म्हणजे वेगळे लॉट. सगळ्या तोड्यांचं बी एकाच पोत्यात गेलं, तर शेवटच्या उन्हाळी तोड्यातली गडबड पहिल्या चांगल्या बियालाही घेऊन बुडते. दुपारचा पारा पस्तिशीपुढे जाऊ लागला की टोमॅटोच्या परागाची ताकद घटते, फळधारणाही घसरते. त्या दिवसांचा माल वेगळा ठेवला तर नुकसान तेवढ्यापुरतं राहतं. नवं पीकही आधी दोन ओळींत करून पाहायचं. तिथं चुका होऊ द्याव्यात. ॲरिझोना विद्यापीठातल्या रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये गणितानं दाखवलं, की दोनांतून एक निवडायच्या कामात शिकण्याचा वेग सर्वांत जास्त असतो तो साधारण 15 टक्के चुका होत असताना. तो निकाल संगणकाच्या शिकण्याबद्दलचा आहे, माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण एकही चूक होत नसेल तर काम फार सोपं झालंय, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. जीओटीत मात्र 15 टक्के चुका म्हणजे सरळ फेल. सरावाचे प्लॉट वेगळे हवेत ते याचसाठी.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. खुणेनंतर फळाचा रस मिळतो हे माकडाला पाठ झालं, आणि एकदा रस दिलाच नाही. ज्या क्षणी तो यायला हवा होता, नेमक्या त्याच क्षणी डोपामिन पेशींची हालचाल मंदावली. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत मेंदू असा क्षणाच्या हिशेबानं टिपतो. शेडनेटमध्ये मात्र कळीतली नळी आज उपसली आणि निकाल कित्येक महिन्यांनी आला. कोणत्या आठवड्यात हात चुकला हे कोण सांगणार? आता डीएनए मार्करच्या चाचण्या हा काळ काही दिवसांवर आणू शकतात. त्या सगळीकडे पोहोचेपर्यंत तारखेची वही हाच आधार: क्रॉसिंग कधी सुरू केलं, ऊन किती होतं, मजूर कधी बदलले, कोणता तोडा कोणत्या पिशवीत गेला.

ही वही उपयोगी पडायची तर समोरूनही नीट माहिती यायला हवी. जीओटीच्या शेतातलं वेगळं झाड बरंच काही सांगतं. ते मादीसारखं, म्हणजे ज्या झाडावर फळ धरलं त्याच्यासारखं, असेल तर नळी उपसण्याचं काम चुकलं किंवा उशिरा झालं. नरासारखं असेल तर तोडताना किंवा बी काढताना नराची फळं मिसळली. दोघांसारखंही नसेल तर पराग बाहेरून आला, म्हणजे जाळी, माशा आणि शेजारचा प्लॉट तपासायचा. तीन चुका, तीन वेगळे उपाय. झाडं मोजणाऱ्याला हे समोर दिसत असतं. निकाल नुसता ‘फेल’ म्हणून कळला तर ते सगळं वाया जातं. तेव्हा कंपनी आणि शेतकरी यांच्यामधल्या ऑर्गनायझरकडे निकाल विचारायला गेल्यावर टक्क्याच्या पुढचा प्रश्न विचारावा: वेगळी निघाली ती किती मादीसारखी, किती नरासारखी, किती तिसरीच? कंपन्यांनीही तो आकडा निकालाच्याच कागदावर छापायला हवा. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागणार नाही.